शाबूत कोपऱ्याचे कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, वडील गेले, त्यांनाही नाही. शाळेच्या कामाखेरीज काही लिहिण्याची मला सवय नाही — पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच असा बसलो आहे. वाक्ये अडखळतील. अडखळू देत.

दर वर्षी सुगी उरकली की आत्या मंगळवेढ्याहून एस्टीने सोलापुरात आमच्याकडे येते. डोक्यावर नव्या ज्वारीचे गाठोडे. उंबऱ्यातूनच ती पत्नीला सांगते, दत्तूचे, म्हणजे माझे, उपकार आहेत, म्हणून पहिली ज्वारी त्याच्या घरी. त्या ज्वारीची पहिली भाकरी माझ्या ताटात पडते — आणि मी ती खातो. घास घशात अडकतो असे लिहिले तर शोभून दिसेल. खरे सांगायचे तर अडकत नाही. गोड लागते.

कसले उपकार?

दुष्काळानंतरचे ते पहिले पीक. काळ्या रानात ज्वारी पुरुषभर उंच वाढली होती, आणि नेमका वडिलांचा पाय मोडला. मी आठ दिवसांची रजा काढून गावी गेलो. काढणीचे सारे आत्याच्या हाती होते. वडिलांची ही विधवा बहीण बायकांची टोळी सांभाळायची, कुणी कुठली पात, म्हणजे ओळींचा कुठला पट्टा, धरायची ते ठरवायची. ज्वारी मुळासकट उपटावी लागते. दुसऱ्याच दिवशी माझे तळहात फोडांनी भरले.

"मास्तर, ह्यो खडू न्हवं, धाट हाय," ती म्हणाली. "कंबरंतनं जोर लाव की."

बायका हसल्या. मीही हसलो. तिच्याशिवाय त्या रानात मी कोण होतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या घेऊन रानाकडे निघालो, तेव्हा वाटेत पोस्टमनने कार्ड दिले. कुर्डुवाडीचे. आत्याची एकुलती एक मुलगी कमल तिथे राहत होती. जावई रेल्वेत होता. तिचे दुसरे बाळंतपण नुकतेच तिकडेच झाले होते. जावयाने चारच ओळी लिहिल्या होत्या — ताप उतरत नाही, आईची फार आठवण काढते, मिळेल त्या गाडीने या. बांधावर उभा राहून मी त्या दोनदा वाचल्या. कार्ड खिशात ठेवले.

आमच्याकडे मृत्यू कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हातात घेताच समजावे म्हणून. आत्याला वाचता येत नाही. तिने लांबूनच खिशाकडे पाहिले.

"कुणाचं रं?"

"कुर्डुवाडीचं."

"वाचलंस?"

"अजून नाही."

हे दोन शब्द. ते तोंडून का निघाले?

तिने कार्ड घेतले, चारही कोपरे बोटांनी चाचपले आणि मला परत दिले. "शाबूत हाय. बारशाचं असंल. ऱ्हाऊ दे खिशात. शेवटची पात पडली की वाच, समद्या मिळून ऐकू."

तीन दिवस ते कार्ड माझ्या खिशात होते. तीन दिवस ती आनंदात होती — नाव काय ठेवले असेल यावर बायकांशी पैजा लावीत ती ज्वारी उपटत होती.

पुढे मी स्वतःला समजावत आलो: कणसे वाळली होती, दाणे गळू लागले होते, ती गेली असती तर टोळी पांगली असती. हे सारे खरे आहे. पण 'अजून नाही' म्हणताना दाणे माझ्या मनात होते का? नव्हते. तिचा चेहरा बदलताना मला बघायचा नव्हता. आणि ती गेल्यावर त्या बायकांपुढे एकटे उभे राहायचे नव्हते — एवढेच. पहिल्या तासाला सांगणे अवघड होते. संध्याकाळपर्यंत ते अशक्य झाले.

शेवटची पात पडली. बायका भोवती बसल्या. मी कार्ड वाचले — प्रथमच वाचत असल्याच्या आवाजात. मध्ये दचकून थांबलोसुद्धा. त्या थांबण्याची मला सर्वांत अधिक लाज वाटते. मग मीच धावत जाऊन एस्टी थांबवली, मीच तिला बसवून दिले. कमल आदल्या दिवशीच गेली होती. कार्ड आले त्याच दिवशी आत्या निघाली असती, तर मायलेकींची भेट झाली असती.

तेराव्यानंतर ती परतली, तेव्हा मी रविवारी पुन्हा गावी गेलो आणि फोडांचे डाग राहिलेले माझे हात तिने हातात घेतले. "तू वाचत हुतास की रं. मीच म्हनलं, ऱ्हाऊ दे."

  लेकीने हाक मारली आणि आपणच तिला थांब म्हटले — हा समज मी तिच्याजवळ राहू दिला. वर धावत जाऊन एस्टी थांबवल्याबद्दल तिचे आभार घेत आलो. पाच सुगी.

तेव्हापासून ती कुठलाही कागद थांबवून ठेवत नाही. तव्यावर भाकरी करपली तरी चालेल, आधी कुणाकडून तरी वाचून घेते. वाण्याच्या पुडीचा छापील कागदसुद्धा.

आत्ता ती माझ्यापासून चार हातांवर बसून ज्वारी पाखडते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तर तिच्यादेखत मी हे लिहू शकतो.

मघाशी तिचे सूप थांबले. "कुणाचं कार्ड हाय, दत्तू?"

"कार्ड नाही, आत्या. मीच काही लिहितोय."

"मग वाच की."

"अजून नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. सूप पुन्हा हलू लागले.