आमच्या मिलमध्ये चाळिशीचं कोणीच नाही!

मंडळी, आज कारध्याच्या आमच्या राईस मिलमध्ये गंमतच झाली.

नव्या कामगार कायद्यानुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची आहे. म्हणून मी सकाळी डॉक्टरांना मिलमध्येच बोलावलं आणि विचारलं, "चाळीसच्या वरचे कोण कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तांदूळ निवडणाऱ्या राधाबाईला नातू आहे, तरी म्हणते, "मी तं पस्तीसची हाव."

मला हसू फुटलं. मग तिनं हळूच विचारलं, "ताई, म्हातारी समजून कामावरून काढून राहिल्या काय?"

माझं हसू तिथंच थांबलं. मी बाही वर करून खुर्चीत बसले. "मी चव्वेचाळीसची हाव. डॉक्टर, पहिले मले तपासा. मालकीणच राहते, तं तुमाले कोण काढते?"

मग रांगच लागली! राधाबाई ठणठणीत निघाली. बीपी वाढलेलं निघालं ते माझंच.

दुपारी डबा उघडला, तर राधाबाईनं माझं लोणचं उचलून स्वतःच्या डब्यात टाकलं. "डॉक्टरनं मीठ कमी सांगतलं ना? पन्नाशीले पोचाचं हाय ना माह्यावानी?"

मालक मंडळी, तुमच्याकडे तपासणी झाली का? रांगेत पहिले तुम्हीच बसा. फक्त लोणचं लपवून ठेवा.