करंदीकरांकडे गेलेली खेप

एका फ्लॉपीत तीनच खेपा असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी समजल्यासारखी मान डोलावलेली.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. गॅलरी बंद करून घेतलेली आणि तिथे माझा कॉम्प्युटर मांडलेला. हळदीकुंकवाची आमंत्रणं, सोसायटीच्या नोटिसा, बारशाची कार्डं असलं मराठी टायपिंगचं काम मी घरबसल्या करायचे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर ठाण्याच्या पोंक्ष्यांकडून घेतलेलं. ते स्वतः खोकं घेऊन घरी आले आणि त्यातून एक साडेतीन इंची फ्लॉपी काढून त्यांनी ती तळहातावर ठेवली, जणू माहेरून आलेला दागिनाच!

"वहिनी, ही किल्लीची फ्लॉपी. हिच्यात तीन खेपा. एकदा कॉम्प्युटरवर चढवलंत की एक खेप गेली. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर आधी पहिल्यावरून उतरवा, मग ती खेप फ्लॉपीत परत येते. न उतरवता मशीन बिघडलं, की खेप त्याच्याबरोबर गेली!"

"पण फ्लॉपीला कसं कळतं?"

"कळतं."

"मोजतं कोण? आत नक्की काय असतं?"

पोंक्ष्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि ते चपला शोधायला लागले.

(मला ही खोड जन्मापासूनची. कुकरची शिट्टी नेमकी कुठून वाजते ते जवळून बघायला मी सातवीत असताना वाकलेले. डावी भुवई अजून जरा विरळच आहे.)

त्याच वर्षी माझ्या नणंदेचं, सुनीताचं, लग्न ठरलं. स्थळ ठाण्याचं. सुपारी फुटली त्या बैठकीत तिचे होणारे सासरे, नानासाहेब, सहज म्हणाले, "आता पत्रिकांचं बघायला हवं." मी पोह्यांच्या बश्या गोळा करत होते. गप्प बसायचं की नाही? पण छे!

"पत्रिका घरीच होणार! आपल्याकडे कॉम्प्युटर आहे!"

"अरे वा!" नानासाहेब खूश. "मग पहिली पत्रिका टिटवाळ्याच्या गणपतीसमोर ठेवू. पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी, सकाळी आठला, दोन्ही घरं मिळून जाऊ!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या कल्याणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणसाला आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटायचं. स्वयंपाकघरात सुनीताने माझा दंड धरला.

"वहिनी, नाक कापू नकोस हं माझं! त्यांच्या मोठ्या सुनेच्या माहेरच्यांनी पत्रिकेत आजोबांचं नाव चुकवलेलं. चार वर्षं झाली, अजून ऐकवतात तिला!"

"अगं, तू काळजी करू नकोस. छान फर्स्टक्लास करते!"

केलीही असती. पण पुढचे बारा दिवस मी फक्त वेलबुट्टी निवडत होते. मोराची घेऊ की केळीच्या खांबांची? खांबांवर मोर बसवला तर? असं करता करता सोमवार उजाडला, आणि सकाळी दहा वाजता कॉम्प्युटरच्या पडद्यावरून अक्षरं एकेक करून खाली गळायला लागली. व्हायरस!

स्टेशनजवळचे दुरुस्तीवाले राणे धावत आले. म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसलं जाईल. चालेल?"

आता शहाण्या बाईने "थांबा, आधी ते सॉफ्टवेअर उतरवून खेप वाचवता येते का बघू" असं म्हटलं असतं. पण फॉरमॅट मारताना पडद्यावर काय दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, "मारा!"

(काही दिसत नाही. नुसते आकडे वाढतात. कोणाला उत्सुकता असेल तर सांगून ठेवते.)

दुपारी कॉम्प्युटर स्वच्छ होऊन बसला. मी निवांत होते. माझा हिशोब सरळ होता: एक खेप पुसली गेली, दोन शिल्लक. किल्लीची फ्लॉपी घातली. घरघर झाली. आणि पडद्यावर ओळ आली की शिल्लक खेपा शून्य!

मी ठाण्याला फोन लावला. पोंक्षे म्हणाले, "वहिनी, नवीन किल्ली पुण्याहून येते. आठ दिवस लागतील."

"अहो, उद्या सकाळी टिटवाळ्याला जायचंय!"

"मग बाकीच्या दोन खेपा कुठे गेल्या ते घरातच शोधा. फ्लॉपी कधी खोटं बोलत नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, माझ्या त्या खोक्याला कोणी हात लावलेला का?"

"हात कशाला लावेल कोणी? खाली करंदीकरांकडे दिलेलं एक दिवस. त्यांनी नवीन कॉम्प्युटर घेतलाय ना. काकू मागायला आल्या, दिलं. दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत आलं!"

"आई! असं देतात का?"

"का नाही? शेजारीपाजारी विरजण नाही का देत आपण? देऊन काही कमी होतं का?"

"होतं! ह्यातलं होतं!" मी किंचाळलेच. "विरजण नाहीये ते! मोजलेलं असतं! पोंक्षे म्हणतात दोन खेपा घरातच गेल्या! तुम्ही माझी खेप वाटून टाकलीत आणि आता सुनीताची पत्रिका—"

सासूबाईंनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "बरं. एक मी दिली. पोंक्षे दोन म्हणाले ना? दुसरी कुठे आहे?"

आणि मला आठवलं! सॉफ्टवेअर आलं त्याच आठवड्यात, फ्लॉपी खरंच मोजते की पोंक्षे उगाच घाबरवतात हे बघायला, मी ते त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्यांदा चढवलेलं. मोजते. खरंच मोजते. मला तेव्हा फार समाधान वाटलेलं, आणि मग मी ते साफ विसरून गेलेले.

"दुसरी... म्हणजे... मी बघत होते," मी म्हटलं.

"काय बघत होतीस?"

"मोजते का ते."

सासूबाईंनी काडी उचलली आणि त्या पानं खुडायला लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सुनीता ऑफिसातून आली. सगळं ऐकून मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला फार वाईट वाटलं. "मला आयुष्यभर ऐकवतील ते वहिनी," एवढंच म्हणाली. मी फ्लॉपी उचलली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पहिल्या मजल्यावर करंदीकरांचं दार वाजवलं.

करंदीकर आप्पा कॉम्प्युटरसमोर चष्मा कपाळावर चढवून बसलेले. निवृत्त झाल्यापासून ते पाणी, गटार आणि रस्त्यावरचे दिवे ह्या विषयांवर महापालिकेला पत्रं लिहायचे. पडद्यावर अर्ज क्रमांक चौदा होता. अक्षरं माझ्याच सॉफ्टवेअरची, टपोरी, सुंदर! माझा जीव जळला.

"आप्पा, माझी खेप द्या!"

"काय देऊ?"

मी सगळी कथा सांगितली. उद्याचं टिटवाळा, आठ वाजता नानासाहेब, सुनीताचं रडणं, सगळं.

"अरे अरे! पण सूनबाई, मी काय म्हणतो, तुम्ही आता—"

"आप्पा, प्लीज! वेळ नाहीये! अर्जाचं नंतर बघू!"

"अर्जाचं नाही हो, मी म्हणत होतो की इथे—"

"इथे नाही, आधी उठा तुम्ही!"

बिचारे उठले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, फ्लॉपी घातली, आणि त्यांच्या मशीनवरून सॉफ्टवेअर उतरवलं. अर्ज चौदाच्या जागी चौकोन आणि फुल्या दिसायला लागल्या. आणि पडद्यावर ओळ आली की शिल्लक खेपा एक! मी टाळ्याच वाजवल्या. निघताना काकूंनी दारात थांबवलं. सवाष्ण तशीच कशी जाईल? त्यांनी हळदीकुंकू लावलं, तेही सढळ हाताने. नाकावर सांडलेलं कुंकू मी बोटाने पुसलं आणि वर धावले.

आता जिन्यात माझ्या मनात आलेला विचार मी प्रामाणिकपणे सांगते. परत आलेली खेप फ्लॉपीत नेमकी बसते कुठे? मघाशी शून्य होतं, आता एक आहे, म्हणजे आत काहीतरी बदललं असणारच ना! दुसऱ्या मजल्यावर उजेड बरा होता. मी थांबले, फ्लॉपीची ती पत्र्याची खिडकी सरकवली, आतली काळी चकती बोटाने जराशी फिरवून बघितली. त्याच बोटाने!

घरी फ्लॉपी आत घातल्यावर कॉम्प्युटरने असा आवाज काढला की शेजारच्या खोलीतून माझा नवरा ओरडला, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय!" बाहेर काढून बघितली, तर चकतीवर लाल रेघ, गोल, अगदी कंपासने आखल्यासारखी. पुन्हा घातली. पुसून घातली. फुंकर मारून घातली. फ्लॉपी गेली ती गेलीच.

सगळे गॅलरीत गोळा झाले. मी घडलं ते सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीनल, करंदीकरांच्या मशीनवर ते चालू होतं ना?"

"हो."

"छान चालू होतं?"

"हो."

"मग तिथेच बसून पत्रिका का नाही केलीस?"

गॅलरीत इतकी शांतता झाली की खाली आप्पा काकूंना सांगत होते ते वरपर्यंत ऐकू आलं: "अगं, तेच तर मी तिला सांगत होतो!"

सुनीता आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. रडता रडताच हसायला लागली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

सासूबाई उठल्या. कपाटातून कोरे कागद आणि कटनिबचं पेन काढलं. तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिलेला हात तो! तासाभरात श्रीगणेशापासून आजोबांच्या नावापर्यंत सगळी पत्रिका कागदावर उतरली. एकही ओळ वाकडी नाही. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पिवळ्या जाड कागदावर दोन प्रती काढून आणल्या. तेवढं मला जमलं.

मंगळवारी आठ वाजता पत्रिका टिटवाळ्याच्या गणपतीसमोर ठेवली. बाहेर आल्यावर नानासाहेबांनी दुसरी प्रत हातात घेतली, चष्मा लावला आणि आजोबांचं नाव दोनदा वाचलं. सुनीताने माझा हात घट्ट धरलेला.

"सुरेख!" नानासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर! सूनबाई, हा फॉन्ट कुठला हो?"

प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

"नवीन आहे," मी म्हटलं. "अजून एकाच मशीनवर चालतो."

त्या मशीनने डोक्यावरचा पदर नीट केला. पुढच्या आठवड्यात मात्र, त्याच अक्षरात छापून आलेल्या चारशे पत्रिकांवर पत्ते घालायला त्यांनी मला बसवलं. हाताने! त्यातल्या सात पत्रिका 'पत्ता वाचता येत नाही' असा शेरा घेऊन पोस्टाने परत आल्या. एक माझ्या माहेरची होती.