उरलेली फीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याशी सगळं बोलतो असं मी म्हणतो त्या मित्राला नाही, डॉक्टरला तर नाहीच — तो फक्त झोप लागते का विचारतो. लागते. चांगली लागते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माझ्याबद्दल तुमचा काहीतरी हळवा गैरसमज व्हायचा.

गोष्ट एका कॅसेटची आहे. म्हणजे — हऱ्याची आहे. कॅसेट मधे येते.

नव्वदची सुरुवात. मी डोंबिवलीचा, सतीश कल्याणचा, हरेश म्हणजे हऱ्या ठाण्याच्या बाळकुमचा. कॉलेजात एका बाकावर बसायचो. हऱ्याने ते मधेच सोडलं आणि घराजवळच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला. त्याचे वडील खाडीत जाळी टाकायचे. खाडीत मासळीपेक्षा कारखान्यांचं पाणी जास्त यायला लागलं होतं, तरी टाकायचे. आम्हा तिघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच — एक अमेरिकन बँड. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आता त्या नावाचे टी-शर्ट मिळतात, आणि पुढच्या दहा-वीस बँडनी त्यांच्यापासून काय उचललं यावर लोक गंभीर चेहऱ्याने लेख लिहितात. आम्हाला तेव्हा असल्या संगीताला 'पोस्ट-हार्डकोर' म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. सतीशचा मामा बोटीवर होता. कुठल्याशा बंदरातून त्याने भाच्यासाठी जी कॅसेट आणली, ती ही निघाली. मामाला वाटलं होतं, नाचायची गाणी असतील.

ती नाचायची नव्हती. गिटार पत्रा ओरबाडल्यासारखी, गाणारा गातोय की भांडतोय कळू नये असा, आणि मग सगळं एकदम बंद. दोन श्वास शांतता. पुन्हा सुरू. केस वाढवलेले नाहीत, चामड्याची जाकिटं नाहीत, सैतान वगैरे काही नाही. चार साधी माणसं, एखाद्या बँकेत चिकटावीत अशी. आम्ही वेडे झालो. डोंबिवलीत ज्या वयात मुलं भावगीतांच्या स्पर्धेत नंबर काढत होती, त्या वयात आम्ही हे ऐकत होतो, आणि स्वतःला फार वेगळे समजत होतो. मी तरी समजत होतो.

आमची एक रीत होती. अल्बम लहान, कोरी कॅसेट मोठी. गाणी भरून झाली की शेवटी फीत उरायची. ती कोरी सोडायची नाही, असा नियम. ज्याने कॅसेट भरली त्याने उरलेल्या फितीवर बोलायचं — कुठलं गाणं का आवडलं, कुठे अंगावर काटा आला — आणि मग कॅसेट पुढच्याला द्यायची. याला आम्ही 'शेपूट' म्हणायचो. समोरासमोर भेटलो की तिघेही आडवंतिडवंच बोलायचो. मनातलं जे असेल ते शेपटात.

सतीशचं शेपूट म्हणजे नुसता आरडाओरडा. "अरे काय वाजवलंय रे भेंडी, काय वाजवलंय!" — आणि मग तेच तोंडाने वाजवून दाखवायचा.

माझं शेपूट वेगळं असायचं. माझ्या शेपटात 'अस्तित्व' यायचं, 'नकाराचं सौंदर्य' यायचं. मी कागदावर लिहून, दोनदा वाचून मग बोलायचो. सभासंमेलनं, हारतुरे, अध्यक्षीय भाषणं यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. अजूनही करतो, लोकांना ती आवडते. पण माझं पहिलं अध्यक्षीय भाषण त्या कॅसेटच्या शेपटात झालेलं आहे. आणि ते माझं नव्हतं. फुटपाथवर जुनी विलायती संगीत मासिकं मिळायची. त्यातले परिच्छेद मी मराठीत आणायचो. वाक्याला वाक्य. दोघे मला 'मास्तर' म्हणायचे. मला आवडायचं.

आणि हऱ्या? हऱ्या जे ऐकू यायचं ते सांगायचा. "मास्तर, दुसऱ्या गाण्यात तो ड्रमवाला आहे ना, तो आमच्या बोटीचं इंजिन आहे. बाबा दोरी खेचतो, खेचतो, घेत नाही, घेत नाही, आणि मग असं घेतं की पाण्यात पडशील." किंवा — "ते मधेच थांबतात ना, तिथे मला भीती वाटते. वाटतं, आता नाही परत सुरू होणार." मी वर्षानुवर्षं इतकं वाचलं, पण त्या बँडबद्दल यापेक्षा खरं काही कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. तेव्हा मी हसलेलो. बोटीचं इंजिन!

मग मामाने दुसरी कॅसेट आणली, त्याच बँडची. हऱ्याने सतीशकडे जाऊन ती माझ्यासाठी भरली, बाळकुमला घरी बसून शेपूट बोलला, आणि मला ठाणे स्टेशनबाहेर आणून दिली. नेहमीसारखा हसला. म्हणाला, "शेपूट एकटा असताना ऐक हां मास्तर."

मी एकटा असताना ऐकलं. आधी नेहमीसारखं, गाण्यांबद्दल. मग म्हणाला — हे शब्द मला पाठ आहेत — "श्री, तू बोलतोस ना, ते मला एका मासिकात सापडलं. रद्दीवाल्याकडे. डिक्शनरी घेऊन बसलेलो, दोन रविवार गेले. सत्याला नाही सांगितलं, सांगणार पण नाही. पण एक विचारू? तुला आवडतं का रे हे? खरंच? तुझा पाय पण हलत नाही कधी. नसेल आवडत तर नको ऐकू ना. आम्ही तरी पण दोस्तच."

यात लागण्यासारखं काय आहे? काही नाही. चिडवलं असतं तर मी चिडलो असतो, आणि संपलं असतं. त्याने मला माफ करून टाकलं होतं, न विचारता. ते मला सहन झालं नाही. पुढच्या रविवारी तिघांनी भेटायचं होतं. मी ताप आहे असं कळवलं. त्यानंतरच्या रविवारीही काहीतरी सांगितलं.

त्याच आठवड्यात माजिवड्याच्या नाक्यावर एका टँकरने हऱ्याच्या स्कूटरला उडवलं. जागच्या जागी गेला.

दिवसपाणी झाल्यावर सतीशचा शेजाऱ्यांकडे फोन आला. हऱ्याच्या आईला, काकींना, तो सहज बोलून गेला होता की हऱ्याचा आवाज श्रीकडच्या कॅसेटवर आहे. तेव्हा कुणाचा आवाज कुठे असायचा? फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धवट मिटलेला. आवाज कुठेच नव्हता. "रविवारी घेऊन ये," सतीश म्हणाला, "काकींनी दोन दिवस तोच धोशा लावलाय. सगळे येतायत, त्याचे काका-बिका. मी पण ऐकलेलं नाही रे ते शेपूट."

सगळे. सतीशसुद्धा.

आता — इथे मी इतकी वर्षं स्वतःला एक शब्द सांगत आलो: चुकून. चुकून पुसली गेली. कॅसेट पुसल्या जायच्याच चुकून, घरोघर जायच्या. पण ही जाऊ शकत नव्हती. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लास्टिकच्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, बटण दाबलंच जात नाही. हऱ्या भरलेल्या प्रत्येक कॅसेटच्या टिकल्या सुरीने मोडायचा. हिच्याही मोडल्या होत्या. म्हणजे मला सेलोटेप शोधावी लागली. ती ताईच्या टेबलाच्या खणात होती. तुकडा कापला, भोकावर नीट चिकटवला, कडा नखाने दाबल्या. यातलं कुठलं चुकून होतं?

शनिवारची दुपार होती. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. शेवटचं गाणं संपतं तिथे आणून मी टेपची रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं दाबली आणि समोर बसून राहिलो. फक्त माझ्याबद्दलचं तेवढं पुसता आलं असतं. पण ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळायला पुन्हा ऐकावं लागलं असतं, आणि ते माझ्याने होईना. म्हणून सगळं पुसलं. फीत संपून बटण टक्कन वर आलं, तेव्हा सेलोटेप काढून खिशात टाकली.

रविवारी बाळकुमला गेलो. बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसलेली. मी कॅसेट सतीशच्या हातात दिली. स्वतः लावली नाही. शेवटचं गाणं काकींनी डोकं खाली घालून सोसलं. मग ते संपलं. मग पंख्याची घरघर. टेपला माइक आतच होता. माझ्या खोलीतलं सगळं त्याने घेतलं होतं, हे मला तिथे, त्या माणसांत बसल्यावर कळलं. घरघर चालू राहिली. आणि मग फितीवर कुणीतरी खोकलं.

काकींनी हात वर केला. "त्योच," म्हणाल्या. "माज्या पोराचा खोकला हाय त्यो. परत लाव रं."

सतीशने मागे नेऊन लावलं. पुन्हा खोकला.

"ऐकलास? त्योच ना रं बाला?" त्या माझ्याकडे बघत होत्या.

तो खोकला माझा होता. मला आठवत होता — दाबायचा प्रयत्न केलेला, बाबा उठतील म्हणून.

"हो काकी," मी म्हणालो. "त्याचाच."

बाहेर आल्यावर सतीशने विचारलं, "बोलला कसा नाही रे काहीच? हऱ्या गप्प बसेल?"

"बोलायला बसला असेल," मी म्हणालो. "सुचलं नसेल."

सुचलं नसेल. हऱ्याला. पुसण्यापेक्षा हे वाक्य हलकट होतं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ठरवू शकलेलो नाही.

कॅसेट काकींनी ठेवून घेतली. दरवर्षी त्याच्या तिथीला नातेवाईक जमतात, जेवणं होतात आणि ती लावतात. मी जातो. मला पुढे बसवतात, कारण माझ्यामुळे एवढं तरी राहिलं. लहान पोरं, ज्यांनी हऱ्याला पाहिलेलंही नाही, ती 'हरेशकाकाचा खोकला' ऐकायला गप्प बसतात. काकींना त्यावरून तो दिवस सुद्धा आठवतो — पावसात भिजून आलेला, आलं घालून चहा दिलेला, तरी खोकत होता. सगळं जुळतं.

अजून एक राहिलं. खऱ्या शेपटाच्या शेवटी, "आम्ही तरी पण दोस्तच" याच्यानंतर, लांबून काकींचा आवाज होता: "हऱ्या, जेवाला ये, मावरं थंड होतंय!" आणि हऱ्या तोंड फिरवून ओरडला होता, "आलो गं आये!" मग बटण बंद केल्याचा आवाज. काकींना हे मी सांगू शकलो असतो. कॅसेटवर नसलं तरी सांगता आलं असतं. पण मग ते कॅसेटवरून कुठे गेलं, हेही सांगावं लागलं असतं.

सतीश दोन वर्षांपूर्वी वारला. काकी आहेत. बाळकुमला त्यांच्या जागेवर बिल्डिंग झाली, सातव्या मजल्यावर राहतात, डोळे अजून चांगले आहेत. त्यांना वाचता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.