कोणाच्याच हाती न लागलेली पोट्टी

"सोड! सोड तिले! हात काढ आधी!"

गुरुजींची बायको ओसरीवरून ओरडत होती. हातात चिकाने माखलेलं उलथनं. एवढी ओरडली की खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया दचकल्या असतील आणि अख्ख्या सेलूच्या कावळ्यांनी त्या दिवशी उपास केला असेल.

जिला ओरडत होती ती नीतू. भिलाईहून सुट्टीत आलेली त्यांची भाची. आणि जिला सोडायला सांगत होती ती मी. नऊ वर्षांची. पकडापकडीच्या खेळात नीतूने माझा हात मनगटाजवळ घट्ट धरला होता आणि हसत होती. "पकड लिया! अब दाम तुम्हारा!"

दाम म्हणजे ज्याला पकडलं त्याने आता बाकीच्यांना पकडायचं. माझ्यावर तोवर कधीच दाम आला नव्हता. कधीच नाही. का? तर मी पळायची म्हणून. अहो, काय पळायची! वर्धा जिल्ह्यात माझ्याइतकी पळणारी पोट्टी झाली नाही. वारा मागून धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, बाई, थांब जरा, पाणी पिऊ दे. गुरुजींच्या अंगणात दहा-बारा पोट्टे असायचे, पण माझ्या फ्रॉकच्या टोकाला कोणाचं बोट लागलं नाही. पकडायला आलेला पोट्टा हातभर अंतरावर यायचा आणि तिथूनच वळून दुसऱ्याच्या मागे लागायचा. मी समजायची, दमला बिचारा.

उन्हाळ्यात गुरुजींकडे कुरडया व्हायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, त्याचा चीक काढायचा, मोठ्या गंजात तो गदागदा शिजायचा. आम्ही पोरं कावळे हाकलायला. त्याबद्दल गरम चीक खायला मिळायचा, वर साखर. बाकीच्यांना स्टीलच्या वाटीत. मला पळसाच्या पानावर. त्याचंही मी आमच्या मोहल्ल्यात येऊन असं वर्णन करायची की वाटीवाले भिकारी वाटावेत. पानावर चीक कसा पसरतो, कसा लवकर निवतो, पानाचा वास कसा लागतो. आमच्या लायनीतली पोरं लाळ गाळायची. निळा झेंडा लावलेला आमचा मोहल्ला, वीस-पंचवीस घरं. तिथून गुरुजींच्या अंगणात जाणारी मी एकटी. मला वाटायचं, मी म्हणजे राजदूत.

तर नीतूने मला पकडलं. काकू उतरल्या, तिला दंडाला धरून न्हाणीत नेलं आणि भर दुपारी डोक्यावरून बादल्या ओतल्या. फ्रॉकसकट. पोरगी रडत विचारत होती, "मामी, मैंने क्या किया?" मी हसले. खरं सांगते, हसले मी. वाटलं, धुळीत खेळली म्हणून न्हाऊ घालतात.

मग दाम माझ्यावर होता. पहिल्यांदा. मी फ्रॉक खोचला, वळले. अंगणात कोणीच नव्हतं. सगळे ओसरीवर चढून ओळीने बसले होते. गुरुजींची रंजना, माझ्याच वर्गातली, पायाची नखं बघत होती.

"पळा ना," मी म्हटलं.

कोणी हललं नाही.

"पळा ना बे! दाम हाय माह्यावर!"

पळणारंच कोणी नसेल तर पकडायचं कोणाला? ऊन असं की जमीन तव्यासारखी, आणि मी मधोमध उभी. काकूंनी पळसाचं पान आणलं, ओसरीच्या कडेवरून खाली ठेवलं. "घे, अन् घरी जाय."

"मले नोको."

"काय म्हणली?"

"नोको म्हणलं."

पान तिथंच राहिलं. साखर विरघळत होती. मला चीक फार आवडायचा हो. आजही तोंडाला पाणी सुटतं, त्याची मला लाज वाटते.

बाबा जिनिंगमध्ये हमाली करायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत कापूस. खिशात फुटाणे. दारातूनच रोजचा प्रश्न, "आज पकडलं का कोणी माह्या हरणीले?" मी ओरडायची, "कोणीच नाई!" मग ते टाळ्या वाजवायचे आणि आईला म्हणायचे, "ऐकलं का वं? कोणीच नाई!" मग मी वाऱ्याची गोष्ट सांगायची, ते त्यात भर घालायचे. थापा मारायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्या दिवशी मी म्हटलं, "पकडलं. नीतूनं. मंग काकूनं तिले आंघोळ घातली."

खिशात गेलेला बाबांचा हात खिशातच राहिला. मग ते हळू म्हणाले, "नवीन हाय थे पोरगी. तिले माहीत नसन."

तिला माहीत नसेल. म्हणजे बाकी सगळ्यांना माहीत होतं. पोट्ट्यांना माहीत होतं, रंजनाला माहीत होतं. आणि रोज टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या बाबाला माहीत होतं. त्या टाळ्या वाजवून त्यांचे हात किती दुखले असतील, ते मला माझी पोरगी झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी रंजना मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन हाका मारत होती. गेले नाही. पुन्हा त्या अंगणात पाय ठेवला नाही. पण ती वाऱ्याची थाप सोडली नाही मी. बाबांची होती ती. शाळेत सांगितली, सासरी सांगितली, एसटीत कंडक्टर झाल्यावर प्रत्येक ड्रायव्हरला सांगितली. बाबा गेले तेव्हा रडता रडता बायांना तीच सांगितली.

मागच्या महिन्यात वर्धा-नागपूर गाडीत सेलूला एक बाई चढल्या. चष्मा, कॉटनची साडी. मी तिकीट फाडून देत होते, तर त्या किंचाळल्याच. "अगं, तू! ओळखलं नाहीस? मी रंजना!" मग गाडीभर आवाजात, "काय पळायची हो ही! आमच्यापैकी कोणाच्या हाती लागली नाही कधी! रविवारी ये गं, सगळे जमतोय. जुने खेळ ठेवलेत, कुरडयांचा चीकपण करतोय. ते दिवस काही वेगळेच होते ना?"

लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. ड्रायव्हर रमेशभाऊ पुढून ओरडले, "मॅडम, आमची बाई अजूनबी वाऱ्याले मागं टाकते!" थाप माझ्या दातांपर्यंत आली होती. तेवढ्यात रंजनाने माझा हात धरला. मनगटाजवळ. सहज. पर्स सावरता सावरता.

एवढं सोपं होतं ते.

"रंजना," मी म्हटलं, "मी काई जोरात पळत नव्हती. तुम्हीच पकडत नव्हते."

तिचा हात सैल झाला. "अगं, आपण लहान होतो तेव्हा."

"नीतूबी लहानच होती. तिनं पकडलं."

रमेशभाऊंनी उगाच हॉर्न वाजवला. माझ्या छातीत बाबांच्या टाळ्या एकेक करून बंद पडत होत्या, आणि मी त्या पडू दिल्या. आता घरी जाऊन पोरीलाही सांगायचं होतं की तुझी आई हरणीबिरणी नव्हती. ती त्या अंगणातली साधी पोरगी होती, आणि तिला शिवायचं नाही असं ठरलेलं होतं.

रंजना नागपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना पायरीवर थांबली.

"पण रविवारी येशील ना?"

"नाई," मी म्हटलं. "अन् मी पळायची म्हणून आता कोणाले सांगू नोको."