क्रीम रंगाची सीट आणि माझी कोरी साडी

अनिकेत आणि सई,

फिकट चामड्याच्या सीटवर लागलेला कपड्याचा रंग कसा काढावा, हे मला नक्की माहीत आहे. कसा काढू नये, हे त्याहूनही नक्की माहीत आहे.

गेल्या रविवारी तुमच्या आईनं फोनवर तुमच्या नव्या गाडीची मागची सीट दाखवली. बदामी सीट, आणि तिच्यावर अनिकेतच्या नव्या जीन्सचा निळा ठसा. "आजीला विचारा," ती म्हणाली, "आपल्या घरात या विषयातली तज्ज्ञ तीच." यावर इकडे तुमचे आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि तिकडे तुमची आई तोंड लपवायला कॅमेऱ्याबाहेर गेली. तुम्ही दोघं मात्र शहाण्यासारखे उत्तराची वाट पाहत बसलात. तेव्हाच ठरवलं, हे आपणच लिहून पाठवावं. नाहीतर आजोबा सांगतील, आणि त्यांच्या सांगण्यात मी सीटवर फिनेल ओतते. (मी फिनेल ओतलेलं नाही. बाकीचं बरंचसं खरं आहे.)

गोष्ट प्रशांतमामाच्या लग्नातली. तुमच्या परीक्षा होत्या म्हणून तुम्हाला येता आलं नाही. मुलगी नागभीडची, आम्ही चंद्रपूरचे, आणि महिना एप्रिल. चंद्रपूरचा एप्रिल म्हणजे काय, हे मेलबर्नमध्ये बसून कळायचं नाही. पिळलेला कपडा दोरीपर्यंत पोचायच्या आत वाळतो!

नवरदेवाला न्यायला बरी गाडी हवी होती. आमची गाडी तेव्हाही जुनीच होती. चढ आला की थांबून विचार करायची. शेजारी बंडूभाऊ राहतात, धानाचे व्यापारी. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी नुकतीच मोठी गाडी घेतली होती, आत क्रीम रंगाच्या खऱ्या चामड्याच्या सीट. अर्थात त्या सीट कुणी पाहिलेल्या नव्हत्या. दुकानातून आलेलं प्लास्टिक पाच महिन्यांनंतरही जसंच्या तसं त्यांच्यावर होतं.

"मॅडम, गाडी बिनधास्त न्या," बंडूभाऊ म्हणाले. "डायव्हर बी देतो. फक्त एक विनंती आहे जी, सीटचं पिलास्टिक काढू नका."

"बंडूभाऊ, गाडी जशी नेली तशीच परत करीन," मी म्हणाले. "हा माझा शब्द."

एकतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. दिलेला शब्द, लावलेली शिस्त आणि तपासलेली वही यांत कधी खाडाखोड केली नाही. त्यामुळे बंडूभाऊ निर्धास्त झाले. एवढा निर्धास्त माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नागभीडला निघालो. वैशालीमामीची लग्नातली पांढरी साडी आणि बाकीचं सामान पोचवायचं होतं. आमच्यात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते लक्षात ठेवा. गाडीत समोर ड्रायव्हर सुखदेव, त्यांच्या शेजारी प्रशांत. मागे डावीकडे मी, मध्ये आजोबा, उजवीकडे माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमच्या शकूआजी. मी खास या दिवसासाठी घेतलेली गडद निळी सुती साडी नेसले होते. अगदी कोरी, घडी मोडायला काढलेली.

आता एक कबुली. नवा गडद कपडा आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग जाणं थांबेपर्यंत धुवावा, हे मी या घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं आहे. तुमच्या आईला तर कागदावर लिहून दिलं होतं. पण त्या साडीची खळ अशी कडक होती, निऱ्या अशा पट्टीनं आखल्यासारख्या पडत होत्या, की धुवायला माझं मन होईना. एक दिवस नेसू, मग धुऊ, असं म्हटलं. नियम लोकांसाठी असतात, असं मी मनात म्हटलं नाही. पण वागले तसंच.

वाटेतलं मूल गाव यायच्या आतच प्लास्टिकनं छळायला सुरुवात केली. हललं की चर्र वाजायचं. घामानं पाठ चिकटायची, आणि सोडवली की असा आवाज यायचा की सुखदेव आरशातून पाहायचे.

"हे काय अडाणीपण!" मी म्हणाले. "इतकी सुंदर सीट घ्यायची आणि जन्मभर प्लास्टिकवर बसायचं? परदेशात कुणी असं करत नाही."

"परदेशात एप्रिल नसते," आजोबा म्हणाले.

"बाई, मालकानं सांगतलं होतं..." सुखदेव बोलू लागले.

"मालकांना मी सांगीन. गाडी बाजूला घ्या."

मूलच्या पुढे झाडाखाली गाडी थांबली. पर्समधली कात्री काढून मी मागच्या सीटचं प्लास्टिक कापलं, त्याची चौकोनी घडी केली आणि डिकीत ठेवली. घडीवर चिठ्ठीसुद्धा टाचली: 'मागची सीट, प्लास्टिक, दोन तुकडे.' मग त्या थंडगार, मऊ चामड्यावर मी टेकले, आणि नागभीडपर्यंत शकूआजींना नीटनेटकेपणाबद्दल सांगत गेले. त्यांना झोप लागली.

आम्ही चारच्या सुमारास परत आलो. मी उतरले, वळून पाहिलं, आणि सीटवर निळं काहीतरी दिसलं. लहानसहान नव्हे. ताटाएवढं! कडेला निऱ्यांच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या.

मी तत्काळ चौकशी बसवली.

"प्रशांत, इकडे ये. ही जीन्स नवी आहे ना?"

"हो. का?"

"का म्हणे! सीट बघ. किती वेळा सांगितलं, नवी जीन्स धुतल्याशिवाय घालू नकोस!"

"आई, मी समोर बसलो होतो."

"मध्ये मागे आला असशील. सिंदेवाहीला चहा प्यायला उतरलो तेव्हा."

"नाई जी बाई," सुखदेव म्हणाले. "साहेब माझ्याच बाजूले बसले होते. जाताना बी आन् येताना बी."

मी शकूआजींकडे पाहिलं. त्यांची साडी पिवळी होती. आजोबांकडे पाहिलं. पांढरं धोतर. या घरात प्रत्येकाकडे निर्दोष असल्याचा पुरावा होता!

"काऊन वो वयनी," शकूआजी म्हणाल्या, "तुमचे हात निये काऊन झाले?"

मी हात पाहिले. मग पाय. घोट्यापासून वर, जिथवर सभ्यपणे पाहता येईल तिथवर, मी निळी होते.

"गुन्हेगार सापडला," आजोबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

आता प्रश्न फक्त एकच होता. उद्या लग्नाला बंडूभाऊ येणार होते, आणि माझा शब्द मागच्या सीटवर निळा पडला होता. त्यांनी पाहायच्या आत ती सीट पूर्वीसारखी व्हायला हवी होती.

"टुथपेस्ट लावा," शकूआजी म्हणाल्या. "माह्या भिंतीवरचा डाग तसाच गेला."

सीट म्हणजे भिंत नव्हे, हे मला कळत होतं. पण मी लावली. पाच मिनिटं गोल गोल घासलं. ताटाएवढा गडद डाग परातीएवढा फिकट झाला आणि त्याला पुदिन्याचा वास येऊ लागला.

मग लिंबू. मग लिंबू धुवायला पाणी. मग ते पाणी सीटच्या शिवणीत गेलं म्हणून ते काढायला आणखी एक ओलं फडकं. सीट इतकी भिजली की दाबली तर बुडबुडे येत.

"बाई," दाराशी उभे असलेले सुखदेव म्हणाले, "मालक तर असं घासत नाई. ते जरासा..."

"सुखदेवभाऊ, हा रसायनशास्त्राचा विषय आहे."

"बरं जी," ते म्हणाले आणि पान लावायला गेले.

शेवटी मी शास्त्रशुद्ध विचार केला. रंग आहे, तर रंग विरघळवणारं काहीतरी हवं. शकूआजींच्या पिशवीत नखांचं पॉलिश काढायचं औषध होतं. कापसाचा बोळा भिजवून मी सीटवर फिरवला, आणि बोळा निळाशार झाला!

"बघा!" मी ओरडले. "निघतंय!"

दुसरा बोळाही निळा. तिसरा आकाशी. चौथा क्रीम.

"आता हा क्रीम रंग कुठून आला?" मी विचारलं.

"सीटचा," आजोबा म्हणाले. ते पेपरमागून पाहत होते, हे मला तेव्हा कळलं.

तळहाताएवढ्या जागेवरची चामड्याची चकाकी उडाली होती. तिथे आता खडूसारखं कोरडं पांढरं दिसत होतं. आणि भोवती, परातीएवढ्या गोलात, ओलं आकाशी आभाळ.

"वयनी, आता ऐका," शकूआजी म्हणाल्या. "ते पिलास्टिक टाका उद्या वरतून. निदान पोराचे कपडे तरी वाचतीन."

शहाणी सूचना होती. मी तिचं काय केलं असेल?

"नवरदेवाच्या गाडीत प्लास्टिक? लोक काय म्हणतील!"

सकाळी मी सीटवर इस्त्री केलेली पांढरी चादर अंथरली. चारी कोपरे नीट खोचले. पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या चांगल्या दवाखान्याची खोली आहे. तिच्यावर, बरोबर मागच्या डाव्या बाजूला, पांढऱ्याशुभ्र कुर्त्या-पायजम्यातला तुमचा मामा बसला, कुर्ता चुरगळू नये म्हणून मागून वर सारून. अडीच तास. खालून बंद गाडीत रात्रभर न वाळलेली ओली सीट, वरून नवरदेवाचं वजन, मध्ये एक पातळ सुती चादर. रसायनशास्त्राचा विषय होता खरा!

नागभीडला मांडवात सगळे उठून उभे राहिले होते. प्रशांत माझ्या पुढून चालत गेला, पण मी बंडूभाऊ कुठे बसलेत ते शोधण्यात गुंतले होते. ते सापडले: माझ्या अगदी मागच्या रांगेत. बौद्धाचार्यांनी सांगितलं, "आता वर-वधू बुद्धमूर्तीला वंदन करतील." सगळा मांडव शांत झाला. वैशाली वाकली. प्रशांत वाकला, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, पाठ सगळ्या मांडवाकडे करून.

कुर्ता वर सरकला, आणि चारशे माणसांनी नवरदेवाच्या पायजम्यावर दोन सुबक आकाशी गोल पाहिले.

कुणी हसलं नाही. प्रसंगच तसा होता. पण एका मोठ्या शांततेत चारशे माणसं श्वास रोखून धरतात, त्याचाही एक आवाज असतो. मग माझ्या कानाशी, मागून, अगदी हळू आवाजात प्रश्न आला.

"मॅडम, पिलास्टिक काढलं काय जी?"

एकतीस वर्षांत हजारो मुलांना मी उभं करून विचारलं असेल, 'गृहपाठ केला का?' त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

"हो, बंडूभाऊ," मी म्हणाले. "मीच काढलं. आणि माझ्याच साडीचा रंग आहे. मी शब्द पाळला नाही."

जेवण झाल्यावर बंडूभाऊ मला गाडीकडे घेऊन गेले. चादर उचलून त्यांनी सीट पाहिली. मग सुखदेवना कोमट पाणी, अंघोळीचा सौम्य साबण आणि जुनं, पुष्कळदा धुतलेलं पांढरं फडकं आणायला सांगितलं. साबणाचा नुसता फेस केला. फडकं फेसात बुडवून घट्ट पिळलं, आणि घासलं नाही, टिपलं. टिपायचं, फडक्याची स्वच्छ बाजू वर घ्यायची, पुन्हा टिपायचं. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं फेस पुसला आणि कोरड्यानं कोरडं केलं. अर्ध्या तासात सगळं आभाळ नाहीसं झालं! घरी गेल्यावर ते चामड्याला लावायचं मलमही लावणार होते, म्हणजे चामडं तडकत नाही.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"गाडीसंगं पुस्तक येते नं जी. समोरच्या कप्प्यातच आहे. इंग्रजीत आहे." त्यांनी फडकं झटकलं. "तुम्हीच तर शिकवलं मॅडम. आधी सूचना वाचायच्या, मंग पेपर लिहायचा."

सुखदेव दुसरीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

तर अनिकेत, तुला करायचं आहे ते एवढंच: फेस, टिपणं, सावलीत वाळवणं. जितक्या लवकर करशील तितकं बरं. जीन्स दोन-तीनदा वेगळी धुऊन घे. मग पांढरा रुमाल ओला करून तिच्यावर घासून बघ. रुमाल निळा झाला तर त्या दिवशी बसनं जा. आणि सई, नखांचं औषध फक्त नखांना.

बंडूभाऊंनी गाडी अजून विकलेली नाही. मागच्या डाव्या सीटवर निळ्याचा आता मागमूसही नाही. माझ्या साडीचा रंग अगदी पूर्ण गेला. तळहाताएवढा पांढरा कोरडा डाग तेवढा आहे, आणि तो कशानंही जात नाही. तो साडीचा नाही. तो माझ्या उपायाचा आहे.