पॉइंटांवर बोललेलं विमान

रविवारची मिस्सा संपली की आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर काय काय विकायला येतं: सुकेळी, वाल, पाणी शुद्ध करायची यंत्रं. त्या रविवारी दोन बँका आल्या होत्या. शेजारी शेजारी टेबलं, गळ्यात टाय. पप्पा नुकताच निवृत्त झाला होता आणि ही बातमी नातेवाइकांआधी बँकांना कळली होती.

पहिल्या टेबलाचं म्हणणं सरळ होतं. खातं उघडा, सहा महिने रक्कम हलवू नका, साडेतीन हजार रोख बोनस घ्या. दुसरं टेबल रोख देत नव्हतं. ते खात्यासोबत कार्ड देत होतं, कार्डावर पॉइंट आणि पॉइंटांवर विमान.

आईला यातलं एकच जाणून घ्यायचं होतं. पप्पाच्या बायपासच्या वेळी ती तिकडे तमिळनाडूतल्या वेलंकनी माऊलीला नवस बोलली होती. माणूस चालत घरी आला तर माऊलीच्या येत्या सप्टेंबरातल्या सणाला दोघं तिथे हजर राहू. सणाच्याच दिवशी.

"सणाला पोचवेल ना?" तिने विचारलं.

"आंटी, सकाळचा चहा वसईत, संध्याकाळी माऊलीच्या पायाशी!" दुसऱ्या टेबलावरचा टायवाला म्हणाला.

मी बिल्डरांविरुद्ध, टँकरवाल्यांविरुद्ध पत्रकं लिहिते. 'फुकट' हा शब्द दिसला की बिल कुणाच्या नावावर फाटणार ते आधी बघते. तिथेच म्हटलं, "पप्पा, रोख घे. तेवढ्यात दोघांचं स्लीपरने जाणं-येणं निघतं."

"तुला सगळीकडे बिल्डरच दिसतो."

त्याने सगळी नोकरी ऑफिसात साहेबांच्या विमानाची बिलं पास करण्यात घालवली होती. स्वतः कधी बसला नव्हता. टायवाल्याने ते बरोबर हेरलं. सही झाली.

मग कळलं, पॉइंट हवे असतील तर आधी कार्डावर भरपूर खर्च करा. चांगला चालणारा फ्रिज घराबाहेर गेला, नवा आला. रेल्वेचं आरक्षण उघडलं त्या सकाळी मी मोबाइल घेऊन बसले, तर पप्पाने तो बंद करायला लावला. "विमान असताना स्लीपर कशाला? दोन्हीकडे पैसे घालायचे?"

पॉइंट आले. पप्पाने चष्मा पुसून बँकेच्या ॲपवर तारीख टाकली. सणाचा अख्खा आठवडा राखाडी. 'या तारखांना पॉइंट वापरता येणार नाहीत.' अट होती हो, पहिल्यापासून होती. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आम्ही असं पत्रक छापलं असतं तर लोकांनी तोंडावर फेकलं असतं.

मी बँकेला फोन लावला.

"मॅम, ऑक्टोबरमध्ये जा ना. तेव्हा गर्दी पण नसते."

"तुमच्या लग्नाला पाहुणे पुढच्या महिन्यात आले तर चालतील?"

"मॅम, कॉल केल्याबद्दल धन्यवाद."

तोवर गाड्यांची वेटिंग लिस्टही बंद झाली होती. विमानाचं रोखीचं भाडं सणामुळे आभाळाला भिडलेलं. पप्पा तरी ठेव मोडायला उठला. आईने आकडा वाचला आणि त्याला खाली बसवलं.

"एवढ्यात तुझ्या गोळ्या वर्षभर येतात. त्या बंद करून नवस फेडू?"

त्यानंतर ती यावर एक शब्द बोलली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला तो करता येतो, ऐकूनही घेता येतो.

सणाच्या सकाळी पप्पाने टीव्हीवर वेलंकनीची मिस्सा लावली. झेंडे, गर्दी, समुद्र. आवाज वाढवला, आईसाठी खुर्ची पुढे ओढली. ती आली आणि पडद्याकडे पाठ करून मटार सोलायला बसली.

"बघ तरी," पप्पा म्हणाला. "सगळं दिसतंय."

"मी बघायचा नवस बोलले नव्हते."

त्याने रिमोटने आवाज कमी केला. मग हळूच म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये पॉइंट चालतात."

"मग तू जा," आई म्हणाली. "विमानाने."