खुंटीवरच्या कोटातली डबी

फैना आमच्या कारखान्यात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. व्यात्काकडच्या खेड्यातली, हाडापेराने मजबूत आणि जिभेने त्याहून. उरलच्या जंगलातल्या आमच्या गावाला तेव्हा नाव नव्हतं, भोवती तारांचं कुंपण मात्र होतं. घरी पत्र लिहायचं ते ‘मी बरी आहे, काम चांगलं आहे’ एवढंच. खरं लिहिलं असतं तरी ते पोचू दिलं नसतं.

आम्ही अणुबॉम्बचा माल तयार करत होतो. बॉम्ब हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, नुसतं ‘माल’ म्हणायचं. फैनाच्या सहा जणींच्या टोळीकडे तो गाळायचं काम होतं. द्रावण सांडलं की पोरी गुडघे टेकून ते फडक्याने टिपायच्या आणि फडकं परत भांड्यात पिळायच्या. थेंब वाया गेला तर त्यांचा मुकादम प्रोखोर इल्यिच याला वर जाऊन जाब द्यावा लागायचा, आणि तिथून सगळेच परत येत नसत.

माझं काम फिल्म धुण्याचं. प्रत्येकीच्या छातीवर एक चपटी डबी असे, आत फिल्मचा तुकडा. अंगाला किरण लागतील तेवढी फिल्म काळी पडे. दर शनिवारी मी ती धुवायची आणि काळेपणा पाहून कार्डावर आकडा लिहायचा. आकडा हद्दीबाहेर गेला की त्या मुलीला सहा महिने मालापासून दूर, बाहेरचं काम मिळे, आणि तिच्या वाटचं सांडलेलं उरलेल्या पाच जणी पुसत. म्हणून सांडासांडीच्या दिवशी सगळ्या जणी डबी कोटाच्या खिशात ठेवून कोट खुंटीला टांगून जात. प्रोखोर इल्यिचला हे माहीत होतं, आणि मलाही.

“माझी डबी बघ कशी टुणटुणीत आहे,” फैना म्हणायची. “तिला खुंटीवर आराम, मी बसलेय फरशीवर!”

एकदा ती डबी काढायला विसरली. फिल्म काजळीसारखी काळी आली. ती धावत माझ्याकडे आली.

“तोस्या, तुझ्या पाया पडते, नेहमीचा आकडा लिही. मी गेले तर त्या पोरी मरतील गं.”

मी लिहिला. फिल्म जाळून टाकली, तसा नियमच होता. पुन्हा असं झालं तर सांभाळून घेईन, असा शब्दही तिला दिला. त्या शब्दाचा मला फार अभिमान वाटत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या नाकातून रक्त येऊ लागलं. हाडं ठणकत, केस कंगव्यात येत. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, माझ्याकडून कार्ड मागवलं आणि मी ते घेऊन गेले तेव्हा बघून कपाळाला हात लावला.

“रक्त एक सांगतंय, कार्ड दुसरंच. या आकड्यांवर मला हिला कामावरून काढता येत नाही, बाळांनो. एक जरी मोठा आकडा असता, तर आजच काढलं असतं.”

फैना माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली. खरं बोलले असते तर मी, प्रोखोर इल्यिच, सगळी टोळी तुरुंगात गेली असती. भित्री होते मी, आणखी काय सांगू!

त्यानंतरच्या शनिवारी तिची फिल्म काळी आली. मला वाटलं, आजारपणात विसरली बिचारी. मी नेहमीचा आकडा लिहिला. पुढच्या शनिवारी पुन्हा काळी. त्याच्या पुढच्याही. तीन वेळा मी शब्द पाळला.

चौथ्या आठवड्यात ती भिंतीला धरून धरून माझ्या खोलीपर्यंत आली.

“माझी फिल्म कशी आली गं?”

“काळीकुट्ट! तीनदा विसरलीस, बये. पण घाबरू नकोस, मी सांभाळून घेतलंय.”

ती स्टुलावर बसली. 

“विसरले नव्हते, तोस्या. मुद्दाम लावत होते.”

“अगं, मग सांगायचं नाही का मला?”

“काय सांगू? पोरींना सोडून मला जायचंय, हे? तोंडाने म्हणवत नव्हतं. म्हटलं, फिल्मच बोलेल.”

त्या शनिवारी मी खरा आकडा लिहिला. सोमवारी तिला बाहेरच्या कामावर हलवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. त्या भल्या होत्या, असं कुणालाही म्हणाल्या असत्या.

बर्फ वितळायच्या आत फैना गेली. तिने गाळलेला माल कुठल्यातरी गोदामात अजून पडून असेल, त्याला हजारो वर्षं काही होत नाही म्हणतात.

तिची डबी मला तिच्या कोटाच्या खिशात सापडली नाही. दवाखान्यातल्या आयाने सांगितलं, फैना शेवटपर्यंत ती छातीला लावून होती.